भूतानहून परतताना: प्रवासाची आवराआवर कशी करावी

मुंबई-पुण्याहून भूतानला जाणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा एकाच साच्याचा असतो. बागडोगऱ्याला विमानाने किंवा हासीमाऱ्याला रेल्वेने उतरायचे, जयगावमधून फुंटशोलिंगच्या कमानीपाशी सीमा ओलांडायची, थिंफू, पुनाखा आणि पारो अशा क्रमाने मुक्काम करायचे, शेवटच्या दिवशी तक्तसांगचा मठ चढायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परतीला लागायचे. या आखणीत सगळे काही बसते. फक्त प्रवास संपण्याला जागा उरत नाही. तक्तसांग समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१२० मीटर उंचीवर, पारोच्या खोऱ्यापासून जवळजवळ ९०० मीटर वर कड्याला चिकटून उभा आहे, आणि तेथे चढून-उतरून आलेल्या माणसाला संध्याकाळी गरम पाण्यात पाय बुडवून बसण्यापलीकडे काही सुचत नाही. रात्री बॅगा भरल्या जातात, पहाटे गाडी दाराशी येते, आणि घरी पोहोचल्यावर कोणी ‘कसे होते भूतान?’ असे विचारले की ‘फार स्वच्छ, फार शांत, लोक खूप सुखी’ एवढेच तोंडातून बाहेर पडते. हे उत्तर जाण्यापूर्वीही देता आले असते.

प्रवासाच्या अखेरीस आपण काय पाहिले याचा हिशेब मांडणे ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, थोडे लेखन करावे लागते आणि काही आवडत्या समजुतींना प्रश्न विचारावे लागतात. भूतानच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण परक्या माणसाला या देशात काय दिसावे हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेले असते. परवाना, शुल्क, ठरलेला मार्ग आणि सोबतचा गाईड या चौकटीतून आपण देशाचा एक पट्टा पाहतो. तो पट्टा सुंदर आहे, यात शंका नाही. पण जे दिसले ते कोणत्या व्यवस्थेमुळे दिसले, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या दर्शनाचा अर्थ लागत नाही. पुढील सूचना या एका दृष्टीने केल्या आहेत.

शेवटचा अर्धा दिवस मोकळा ठेवावा

तक्तसांग शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. तोपर्यंत शरीर उंचीला सरावलेले असते आणि विमानतळ पारोलाच असल्याने शेवटचा मुक्काम तेथे सोयीचा पडतो. त्यामुळे क्रम बदलण्यापेक्षा एक रात्र वाढवणे हा सरळ उपाय आहे. भारतीय प्रवाशाला भूतानमध्ये प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मे असते आणि त्याहून लहान मुलांना माफ असते. शिवाय हॉटेल व गाडीचा खर्च आहेच. चौघांच्या कुटुंबाला ही रक्कम जाणवते, तरीही खरेदीवर जे खर्च होते त्यातून ती काढावी, असे माझे मत आहे. रात्र वाढवणे शक्य नसेल तर काहीतरी गाळावे. थिंफूमधली टाकीन या प्राण्याची राखीव जागा आणि डोंगरावरची बुद्धाची प्रचंड मूर्ती यांपैकी एक सोडली तर फार बिघडत नाही. मात्र गाळलेल्या वेळात दुसरे ‘पॉइंट’ घुसवू नयेत.

गटासोबत जाणाऱ्यांनी सहलीच्या व्यवस्थापकाला ही इच्छा पहिल्याच दिवशी सांगावी. शेवटच्या दुपारी गट बाजारात जातो तेव्हा दोन-तीन तास वेगळे राहण्याची परवानगी बहुधा मिळते. पारोत असल्यास तो वेळ क्यिचू ल्हाखांगच्या अंगणात घालवावा. सातव्या शतकात तिबेटचा राजा सोंगत्सेन गाम्पो याने हे मंदिर बांधले अशी परंपरा आहे. पण तेथे जायचे ते इतिहासासाठी नव्हे, तर प्रार्थनाचक्रे फिरवत प्रदक्षिणा घालणारी वयस्क मंडळी आणि आपण यांच्यात त्या वेळी कोणताही कार्यक्रम नसतो म्हणून. वही सोबत असावी.

जे फोनमध्ये नाही ते आधी लिहावे

भूतानमधल्या मंदिरांच्या गाभाऱ्यांत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि तक्तसांगला तर फोन व पिशव्या प्रवेशद्वारापाशीच ठेवून आत जावे लागते. याचा परिणाम असा होतो की फोनमध्ये शेकडो छायाचित्रे बाहेरच्या दृश्यांची असतात आणि ज्या खोल्यांसाठी माणसे एवढे चढून जातात त्या खोल्यांचे एकही चित्र नसते. काही महिन्यांनी आठवण छायाचित्रांच्या मागे जाते आणि गाभारा पुसला जातो. म्हणून लिहिताना क्रम उलटा ठेवावा. दऱ्या, पूल आणि धुके यांची नोंद फोन करून ठेवतो. आपण प्रथम अंधाऱ्या खोल्यांबद्दल लिहावे. लोण्याच्या दिव्यांचा वास कसा होता, भिंतीवरची चित्रे कोणत्या बाजूने वाचायची असे गाईडने सांगितले, पायऱ्या किती उभ्या होत्या, भिक्षूंचे पठण चालू असताना लहान भिक्षू काय करत होते, तीर्थ म्हणून हातावर जे पाणी मिळाले त्याला कशाचा गंध होता, या गोष्टी त्याच संध्याकाळी लिहिल्या नाहीत तर त्या हातच्या गेल्या असे समजावे.

दिवसवार लिहिण्याचा मोह टाळावा. ‘सकाळी आठ वाजता न्याहारी करून निघालो’ अशा नोंदी कोणीही पुन्हा वाचत नाही, लिहिणाराही नाही. स्थळ घ्यावे, आणि तेथील वस्तू व माणसे आधी लिहून मत शेवटी मांडावे. उदाहरणार्थ, पुनाखाच्या झोंगबद्दल, म्हणजे मठ आणि कचेऱ्या एकत्र असलेल्या किल्ल्याबद्दल, ‘भव्य वास्तू’ असे लिहिण्याने काहीच कळत नाही. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर १६३७-३८ मध्ये भूतानचे एकीकरण करणारे झाब्द्रुंग न्गावांग नामग्याल यांनी ही वास्तू उभारली. हिवाळ्यात मुख्य भिक्षुसंघ आणि त्याचे प्रमुख येथे मुक्कामाला येतात. एका अंगणाभोवती जिल्ह्याचे प्रशासन चालते आणि आतल्या अंगणांभोवती मठ आहे. कामासाठी आलेल्या पुरुषांनी घो या पारंपरिक अंगरख्यावर खांद्यावरून उपरणे घेतलेले असते आणि त्या उपरण्याच्या रंगावरून त्यांचा दर्जा ओळखता येतो. एवढे लिहिले की मत आपोआप नेमके होते. रायगड, राजगड पायी फिरलेल्या मराठी माणसाच्या लक्षात येथे एक गोष्ट विशेष येते, ती म्हणजे हा किल्ला ओस पडलेला नाही. ज्या शतकात सह्याद्रीत गड बांधले आणि लढवले जात होते त्याच शतकातली ही वास्तू आहे, आणि तिच्यात आजही कारकून फायली घेऊन जिने चढतात. ही तुलना वहीत जरूर लिहावी, कारण ती आपली आहे. कोणत्याही माहितीपत्रकात ती सापडणार नाही. त्याच नोंदीत हेही असावे की ऑक्टोबर १९९४ मध्ये वरच्या बाजूचे लुग्ये त्सो हे हिमसरोवर फुटून फो छूला आलेल्या पुरात या झोंगचे नुकसान झाले आणि माणसेही दगावली. छायाचित्रात नदी फार शांत दिसते.

स्थळांची आणि माणसांची नावे गाईडकडूनच वहीत लिहून घ्यावीत. ऐकून लिहिलेली नावे घरी आल्यावर शोधूनही सापडत नाहीत.

गाईड आणि चालक यांच्यासोबतची शेवटची संध्याकाळ

भूतानचे गाईड परवानाधारक आणि प्रशिक्षित असतात, त्यांचे इंग्रजी उत्तम असते, हिंदीही बऱ्याच जणांना येते, आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे तयार असतात. म्हणूनच कार्यक्रम संपल्यावर, चहा घेताना, वेगळे प्रश्न विचारावेत. गाव कोणत्या जिल्ह्यात आहे, शेतात काय पिकते, रानडुकरे पीक किती ठेवतात, शाळेत इंग्रजी माध्यमातून शिकताना घरी कोणती भाषा बोलत होतात, कुटुंबातले किंवा मित्रांपैकी कोण ऑस्ट्रेलियाला गेले आहे, हे प्रश्न कोणालाही अडचणीत न टाकता देशाबद्दल पुष्कळ काही सांगतात. शेवटचा प्रश्न तर आवर्जून विचारावा, कारण गेल्या काही वर्षांत शिकलेले तरुण भूतानी मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला शिक्षणासाठी व कामासाठी जात आहेत आणि देशात त्याची उघड चर्चा होते.

‘तुम्ही खरेच सुखी आहात का?’ असा प्रश्न मात्र विचारू नये. तो त्यांनी असंख्य वेळा ऐकलेला असतो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर अनोळखी पाहुण्याला देणे कोणालाच जमणार नाही. राजघराण्याबद्दल थट्टेच्या सुरात बोलू नये. तेथील लोकांच्या मनात राजाबद्दल जो आदर आहे तो दिखाऊ नाही, आणि असता तरी आपण पाहुणे आहोत.

बक्षिसी याच वेळी, गाईड व चालक यांना वेगवेगळ्या पाकिटांतून द्यावी. सीमेवर सामान उतरवण्याच्या घाईत नोटा हातात कोंबणे बरे दिसत नाही. चालकाकडे दुर्लक्ष होते, कारण तो कमी बोलतो. वस्तुतः त्या वळणांवरून आपल्याला सुखरूप आणणारा तोच असतो. ज्यांची छायाचित्रे पाठवण्याचे कबूल केले असेल त्यांचे संपर्क-क्रमांकही याच बैठकीत नीट लिहून घ्यावेत.

घरी सांगायची वाक्ये आधी तपासून घ्यावीत

हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याला सर्वांत अधिक वेळ द्यावा. कृती साधी आहे: घरी गेल्यावर आपण जी चार-पाच वाक्ये हमखास बोलणार आहोत ती कागदावर लिहावीत आणि प्रत्येकाखाली ‘हे मला कशावरून वाटले?’ याचे उत्तर लिहावे. काही वाक्ये टिकतात, काही बदलतात, काही खोडावी लागतात.

दोचुलाचे उदाहरण घेऊ. थिंफूहून पुनाखाकडे जाताना सुमारे ३,१०० मीटर उंचीवरच्या या खिंडीत १०८ छोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, एकत्र उभे आहेत, आकाश निरभ्र असेल तर पलीकडे हिमशिखरांची रांग दिसते, आणि प्रत्येक मराठी गट तेथे हसतमुख छायाचित्र काढतो. ही जागा म्हणजे युद्धस्मारक आहे. आसाम व उत्तर बंगालमधल्या उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या सशस्त्र संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. ते उठवण्यासाठी डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्या सैन्याने मोहीम केली, देशाचे तेव्हाचे, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर होते, आणि त्या मोहिमेत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ज्येष्ठ राणी आशी दोर्जी वांग्मो यांच्या पुढाकाराने हे छोर्तेन उभारले गेले. म्हणजे ‘दोचुलाला फार प्रसन्न वाटते’ हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि भारतीय पाहुण्याच्या तोंडी तर जास्तच अपुरे आहे, कारण ज्या संघर्षाशी या स्मारकाचा संबंध आहे तो भारतातला होता.

पताकांचेही असेच आहे. दोऱ्यांवर बांधलेल्या पंचरंगी पताका आणि उंच काठ्यांवर उभ्या बांधलेल्या पांढऱ्या पताका यांत फरक असतो. पांढऱ्या पताका मृत व्यक्तीच्या नावाने, बहुधा १०८ च्या संख्येने, डोंगराच्या सोंडेवर लावतात. त्यांच्यापुढे उभे राहून काढलेले आपले छायाचित्र पाहताना काय वाटते, ते लिहावे.

‘लोक सुखी आहेत’ या वाक्यावर थोडे अधिक थांबावे लागते. सकल राष्ट्रीय आनंद ही कल्पना चौथ्या राजांनी १९७० च्या दशकात मांडली, आणि पर्यटक समजतात तशी ती ‘आमचे लोक आनंदी आहेत’ अशी घोषणा नव्हती. राज्यकारभाराने केवळ उत्पन्नाचा पाठलाग करू नये, असा तो धोरणाचा विचार होता. पुढे त्याची मोजणी करण्यासाठी मनोस्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, सांस्कृतिक वैविध्य, सुशासन, समूहजीवन, पर्यावरण आणि राहणीमान अशी नऊ क्षेत्रे ठरवण्यात आली आणि २०१०, २०१५ व २०२२ मध्ये देशभर सर्वेक्षणे झाली. त्यांत ‘अजून सुखी नसलेले’ लोक कोण आणि का, हे शोधण्यावर भर असतो. दुसरीकडे, वेगळे निकष लावणाऱ्या जागतिक आनंद अहवालाच्या २०१९ च्या यादीत भूतान १५६ देशांत ९५ वा होता. यांतले कोणते मोजमाप बरोबर, हा वाद येथे सोडवायचा नाही. आपल्याला हॉटेलात, गाडीत आणि मठात भेटलेली माणसे सौम्य आणि हसतमुख होती, हे आपले निरीक्षण आहे; ‘देश सुखी आहे’ हा निष्कर्ष आहे; आणि दोहोंच्या मध्ये शेतकरी, बेरोजगार पदवीधर, रस्त्यावर खडी फोडणारे मजूर असे कितीतरी लोक आहेत ज्यांच्याशी आपले बोलणेच झाले नाही. वहीत निरीक्षण लिहावे आणि निष्कर्षापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

हिरवाईबद्दलचे वाक्य बरेचसे टिकते. देशाच्या किमान ६० टक्के भूभागावर कायम जंगल राहील असे राज्यघटनेतच लिहिलेले आहे आणि प्रत्यक्षात प्रमाण त्याहूनही जास्त आहे. पण त्या हिरवाईचा अर्थशास्त्राशी असलेला संबंधही नोंदवावा: जंगलांनी राखलेल्या नद्यांवर जलविद्युत प्रकल्प चालतात आणि त्यांची वीज भारताला विकून देशाला मोठे उत्पन्न मिळते. हिवाळ्यात नद्या रोडावतात तेव्हा हाच देश भारताकडून वीज घेतो.

आणखी एक वाक्य असते, ‘त्यांनी आपली संस्कृती किती एकसंध जपली आहे.’ येथे लेखणी थांबवून विचार करावा. पुरुषांचा घो आणि स्त्रियांचा किरा हा पोशाख कचेऱ्यांत, शाळांत आणि झोंगमध्ये दिसतो तो केवळ आवडीने नव्हे. १९८९ मध्ये तो सार्वजनिक जीवनात बंधनकारक करण्यात आला. त्याच सुमारास दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजाकडे १९५८ पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे मागितले गेले, शाळांतून नेपाळी भाषा काढण्यात आली, १९९० मध्ये निदर्शने झाली, आणि नंतरच्या काळात एक लाखाहून अधिक लोक पूर्व नेपाळमधल्या झापा व मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत पोहोचले. त्यांतले अनेक जण बेकायदा स्थलांतरित होते अशी भूतान सरकारची भूमिका राहिली. निर्वासितांनी आपल्याला हुसकावून लावल्याचे सांगितले. २००७ नंतर त्यांतील बहुसंख्य लोकांचे पुनर्वसन इतर देशांत, मुख्यतः अमेरिकेत, झाले. ही माहिती असल्याने पारोच्या खोऱ्याचे सौंदर्य कमी होत नाही, आणि सहलीच्या जेवणाच्या टेबलावर ती सगळ्यांना ऐकवण्याचीही गरज नाही. पण आपल्या वहीत ती नसेल तर ‘एकसंध’ हा शब्दही नसावा.

उतरणीचा रस्ता जागेपणी पाहावा

रस्त्याने परतणारे बहुतेक प्रवासी थिंफू किंवा पारोहून फुंटशोलिंगपर्यंतचा रस्ता झोपून काढतात. माझ्या दृष्टीने संपूर्ण सहलीत याहून बोलका दिवस नाही. सुमारे दीडशे किलोमीटरच्या या उतरणीत २,३०० मीटरवरून आपण जेमतेम ३०० मीटरवर येतो, आणि निळ्या पाइनचे जंगल मागे पडून रुंद पानांची दाट झाडी, मग केळी आणि दमट उकाडा असा सारा बदल काही तासांत डोळ्यांपुढून जातो. पारो आणि थिंफूच्या नद्या जेथे मिळतात त्या छुझोमला गाडी थांबवायला सांगावी. तेथे नेपाळी, तिबेटी आणि भूतानी अशा तीन घडणींचे तीन छोर्तेन शेजारी शेजारी आहेत. पुढे चुखाचा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प लागतो, जो भारताच्या साहाय्याने उभा राहिला आणि ज्याच्यापासून वीजविक्रीचे युग सुरू झाले. त्यानंतर गेदूचे धुके येते, आणि तेथे चालकाशी गप्पा मारू नयेत.

हा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने १९६१ पासून बांधला. कडेच्या पाट्यांवर हे नाव वारंवार दिसते. त्यापूर्वी, सप्टेंबर १९५८ मध्ये, पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा त्यांना सिक्कीममधून नाथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून डोंगरवाटांनी पारो गाठावे लागले होते. दूरचित्रवाणी या देशात १९९९ मध्ये आली आणि संसदेची पहिली सार्वत्रिक निवडणूक २००८ मध्ये झाली. आपण ‘प्राचीन’ म्हणून जे पाहिले त्यापर्यंत पोहोचवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका माणसाच्या आयुष्यात बसेल इतकी नवी आहे, हे या रस्त्यावर बसूनच नीट समजते.

शेवटी रिंचेनदिंगची चौकी, फुंटशोलिंग, आणि पलीकडे जयगाव. सीमा ओलांडताच आपल्याकडची मंडळी हमखास म्हणतात, ‘बघा, आपल्याकडे किती कचरा!’ कचरा आहे, हे खरे आहे. पण ही तुलना फार स्वस्त आहे. भूतानची लोकसंख्या २०१७ च्या जनगणनेनुसार ७,२७,१४५ होती, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, आणि त्या देशाला लागणारी भाजी, सिमेंट, कापड व इतर अनेक वस्तू याच गर्दीतून वर जातात. थिंफूच्या नव्या इमारतींवर काम करणारे पुष्कळ मजूर बंगाल, आसाम आणि बिहारचे असतात. मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत सीमा बंद राहिली तेव्हा जयगावच्या बाजारावर कोणती वेळ आली, हे तेथल्या कोणत्याही दुकानदाराला विचारता येते. चहा प्यायला थांबलात तर विचारावे.

विमानाने परतणाऱ्यांना हा धडा मिळत नाही. त्यांनी पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात उजव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी. आकाश स्वच्छ असल्यास कांचनजंगा आणि पुढे एव्हरेस्ट त्याच बाजूला दिसते.

सामान, पैसे, छायाचित्रे

नुल्ट्रम या भूतानी चलनाचे मूल्य भारतीय रुपयाएवढेच असले तरी सीमेलगतचा बाजार सोडला तर भारतात ते चालत नाही, म्हणून उरलेल्या नोटा फुंटशोलिंगलाच खर्चाव्यात. कड्यांच्या कपारींत ठेवलेले मातीचे छोटे शंकू, ज्यांना त्सा-त्सा म्हणतात, ते आठवण म्हणून उचलू नयेत. त्यांत अनेकदा मृतांची रक्षा मिसळलेली असते. जुनी मूर्ती किंवा कापडावरचे जुने धार्मिक चित्र स्वस्तात मिळत असेल तर तेही घेऊ नये, कारण पुरातन वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. छायाचित्रे शेवटच्या रात्रीच निवडावीत आणि प्रत्येक स्थळाची पाचच ठेवावीत. मनुष्य ओळखू येईल असे छायाचित्र असेल तर ते पसरवण्यापूर्वी त्या माणसाला ते आवडेल का, याचा विचार करावा.

घरी आल्यानंतर

पहिल्यांदा सांगितलेली हकिकत पक्की होते आणि पुढे तीच आठवण म्हणून राहते, म्हणून घरच्यांना भूतान सांगताना वही जवळ घेऊन बसावे. इमा दात्शी या मिरची-चीजच्या भाजीने डोळ्यांत आलेले पाणी, भाजीच्या थाटात ताटभर वाढलेल्या मिरच्या आणि पुनाखाजवळच्या चिमी ल्हाखांग या मंदिराच्या परिसरातल्या भिंतींवरची लिंगचित्रे पाहून सासूबाईंपुढे झालेली पंचाईत हे सगळे सांगावेच. त्यावाचून मैफल रंगत नाही. त्यानंतर दोचुलाचे स्मारकही सांगावे. सार्वजनिक ठिकाणी काही लिहायचे असेल तर आठवडाभर थांबून, तपासलेल्या वाक्यांतूनच लिहावे. कबूल केलेली छायाचित्रे याच आठवड्यात पाठवावीत. नंतर ती पाठवली जात नाहीत.

तीन-चार महिन्यांनी वही पुन्हा उघडावी. तोवर ‘क्युन्सेल’ हे भूतानचे राष्ट्रीय वृत्तपत्र अधूनमधून वाचले असेल तर नोंदींना नवे संदर्भ मिळतात. डिसेंबर २०२३ मध्ये सध्याच्या राजांनी दक्षिणेत, आसामच्या सीमेला लागून, गेलेफू येथे नवे शहर उभारण्याची योजना जाहीर केली. तरुणांनी परदेशी जाऊ नये, हा तिच्यामागचा एक मोठा हेतू आहे. गाईडने ऑस्ट्रेलियाबद्दल जे सांगितले होते ते या बातमीशेजारी ठेवून वाचावे.

शेवटच्या पानावर न सुटलेल्या प्रश्नांची यादी करावी आणि ती पुढच्या वेळच्या मार्गाचा आधार मानावी. पश्चिम भूतान पाहून झालेल्याने पुन्हा पारोला जाण्याऐवजी पूर्वेचा विचार करावा: गुवाहाटीहून समद्रुप जोंगखारमार्गे त्राशिगांग, आणि तेथून मोंगार, बुमथांग, त्रोंग्सा करत फोब्जिखा. काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरच्या अखेरीस फोब्जिखाच्या दलदलीत उतरतात आणि फेब्रुवारीपर्यंत राहतात. त्यांना अडथळा होऊ नये म्हणून त्या खोऱ्यात विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. हा मार्ग लांब आहे, रस्ते खडतर आहेत आणि मराठी जेवण देणारा आचारी सोबत नसतो, त्यामुळे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरून किमान बारा रात्रींचे शुल्क हिशेबात घ्यावे.